संयुक्त पदवीतली तीस टक्क्यांची गाठ

युरोपात दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी १२० क्रेडिटांची असते; क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे तास मोजायचं एकक. चार सत्रं, प्रत्येकी ३० क्रेडिट. आपला विद्यार्थी एक पूर्ण सत्र जर्मनीत राहिला तर तिथले ३० क्रेडिट त्याच्या नावावर जमा होतात, म्हणजे २५ टक्के. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२२ ची नियमावली मात्र सांगते की संयुक्त पदवीसाठी, म्हणजे दोन संस्थांनी मिळून दिलेल्या एकाच पदवीसाठी, दोन्ही संस्थांकडून प्रत्येकी किमान ३० टक्के क्रेडिट मिळवलेच पाहिजेत. मधे उरतात पाच टक्के, म्हणजे सहा युरोपीय क्रेडिट. मेडिकल टेक्नॉलॉजीची भारत-जर्मन संयुक्त पदवी उभी करण्याच्या कामात मी सुरुवातीपासून होते. त्यात आम्हाला सगळ्यांत जास्त अडवलं ते या सहा क्रेडिटांनी, आणि अभ्यासक्रमात आज मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा भागही तेच सहा क्रेडिट आहेत.

मी बेळगावातल्या एका संस्थेत बायोमेडिकल शाखेला शिकवते. त्याआधी काही वर्षं रुग्णालयांतली उपकरणं सांभाळायचं काम केलं. व्हेंटिलेटर, मॉनिटर, डायलिसिसची मशीनं, ऑटोक्लेव्ह. माहेर खानापूर तालुक्यातलं, सासर चंदगडकडचं. म्हणजे माहेर कर्नाटकात, सासर महाराष्ट्रात, आणि दोन्हीकडे पाऊस तोच, जांभा दगड तोच, काजूही तोच. माझ्या वर्गात निपाणी, चिक्कोडी, हुक्केरीची मुलं असतात तशी गडहिंग्लज आणि आजऱ्याचीही असतात. पेशंटांचंही तेच. घाटाखालून, गोव्यातून, चंदगडातून माणसं उपचाराला बेळगाव गाठतात.

या शहरात वैद्यकीय शिक्षण जुनं आहे. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ चं. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय १९९८ पासून इथेच आहे. उद्यमबागेत फौंड्र्या आणि मशीन शॉप आहेत, मायक्रॉनमध्ये काम करणारे कारागीर आहेत. डॉक्टर, इंजिनिअर आणि कारागीर असे तिघेही एका शहरात, पण तिघांनी मिळून एखादं उपकरण घडवल्याची उदाहरणं फारच थोडी. आमच्या विभागप्रमुखांना हे कायम सलायचं. ते म्हणायचे, इथल्या मुलाला ईसीजीचं मशीन उघडता येतं, पण ते असंच का बनवलं हे विचारायला त्याला कुणी शिकवलेलं नाही. संयुक्त पदवीची कल्पना त्यातून निघाली.

जर्मनी का, हा प्रश्न पालकसभेपासून विद्वत् परिषदेपर्यंत सगळीकडे आला. बाडेन-व्युर्टेंबेर्ग राज्यात टुटलिंगेन नावाचं एक छोटं शहर आहे. १८६७ साली गोटफ्रीड येटर नावाच्या कारागिराने तिथे शस्त्रक्रियेच्या हत्यारांचा कारखाना काढला. आज त्या शहरात आणि आसपास वैद्यकीय उपकरणांच्या चारशेहून जास्त कंपन्या आहेत. चिमटे, कात्र्या, दुर्बिणी, इम्प्लांट. सुरुवात झाली ती लोखंड घासणाऱ्या हातांपासून. उद्यमबागेत वाढलेल्या मुलांना ही गोष्ट सांगितली की जास्त समजवावं लागत नाही. शिवाय त्याच राज्यात स्टुटगार्ट आणि ट्युबिंगेन ही दोन विद्यापीठं मिळून मेडिकल टेक्नॉलॉजीचा एकच अभ्यासक्रम चालवतात. एकाकडे इंजिनिअरिंग, दुसऱ्याकडे वैद्यक. दोन संस्थांनी मिळून एक पदवी देणं हे तिथे नवलाचं नाही.

आम्हाला आधी हवी होती तिथली उपयोजित विज्ञानांची एखादी संस्था, ज्यांना ते होखशूले म्हणतात. त्यांच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचं सत्र असतं, शिक्षक कारखान्यात काम करून आलेले असतात, आणि आमच्या मुलांना तेच हवं होतं. पण आयोगाच्या नियमानुसार परदेशी भागीदार जागतिक क्रमवारीत ठरावीक स्थानाच्या आत असावा लागतो. या क्रमवाऱ्या मुख्यतः संशोधनावर ठरतात. शिकवण्यावर आणि उद्योगावर भर देणाऱ्या अशा संस्था त्या याद्यांत बहुधा नसतातच. भारतीय बाजूलाही अटी आहेत: संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचे किमान ३.०१ गुण, किंवा एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या विद्यापीठ गटात पहिल्या शंभरात स्थान, किंवा सरकारने निवडक संस्थांना दिलेला इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्सचा दर्जा. दर्जा राखण्यासाठी चाळणी हवी हे मला मान्य आहे, पण ही चाळणी मेडिकल टेक्नॉलॉजीसारख्या हाताने शिकायच्या विषयाला बसत नाही असं माझं ठाम मत आहे. शेवटी आम्ही क्रमवारीत असलेल्या एका तंत्रविद्यापीठाशी बोलणी केली आणि प्रत्यक्ष कामाचा भाग स्वतः त्यात घालायचं ठरवलं.

पुढचा प्रश्न तासांचा. वरवर पाहिलं तर सोपं दिसतं. जर्मनीत एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास, आणि आपल्या नव्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यातही एक क्रेडिट ३० तासांचंच. पण आपण वर्षाला ४० क्रेडिट धरतो, ते ६०. म्हणजे आपला विद्यार्थी वर्षाला १,२०० तास अभ्यास करतो आणि त्यांचा १,८००. दोन वर्षांचे आपले २,४०० आणि त्यांचे ३,६००. तिकडच्या मंडळींनी पहिल्याच बैठकीत हा आकडा पुढे ठेवला. आपले ८० म्हणजे त्यांचे १२०, असं नुसतं दीडपट करून चालणार नव्हतं, कारण त्यांच्या मान्यता देणाऱ्या यंत्रणेने हिशोब मागितला असता.

मग आम्ही प्रत्येक विषयाचे तास खरोखर मोजायला घेतले. प्रयोगशाळेत मूल दोन तास असतं, पण जर्नल लिहायला घरी किती बसतं? सर्किट जळलं की पुन्हा सोल्डर करायला संध्याकाळी थांबतं, तो वेळ कुणाच्या खात्यात? उन्हाळी सुट्टीत रुग्णालयात जातं, त्याचं काय? आमच्याच शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून आम्ही रोजनिशी लिहून घेतली. घरचा अभ्यास कागदावर धरलेला असतो, पण तो कुणी मोजत नाही हे तेव्हा लख्ख दिसलं. काही विषयांत मुलं कागदावरच्या तासांपेक्षा कितीतरी जास्त राबत होती; काही विषयांत परीक्षेच्या आधीचे चार दिवस सोडले तर पुस्तकही उघडत नव्हती. त्या दुसऱ्या प्रकारचे विषय आम्ही बदलले. ही मोजणी मला या कामातली फार मोठी कमाई वाटते, जर्मनी असो वा नसो. त्यातून १२० युरोपीय क्रेडिटांचा एकच आराखडा तयार झाला आणि आपले क्रेडिट त्यात तासांच्या आधाराने बसले.

आता त्या सहा क्रेडिटांकडे येते. वाटा तीन होत्या. पहिली, मुलांना दोन सत्रं तिकडे ठेवायची. दुसरी, प्रबंधाच्या ३० क्रेडिटांपैकी सहा जर्मन खात्यात टाकायचे. तिसरी, तिकडच्या प्राध्यापकांनी बेळगावात येऊन सहा क्रेडिट शिकवायचे.

पहिली वाट पैशांनी बंद केली. जर्मन व्हिसासाठी विद्यार्थ्याला खर्चाची रक्कम दरमहा ठरावीकच पैसे काढता येणाऱ्या बंद खात्यात आधीच ठेवावी लागते, आणि ती २०२४ च्या सप्टेंबरपासून महिन्याला ९९२ युरो, वर्षाला ११,९०४ युरो आहे. चिक्कोडीच्या ऊसवाल्या घराला किंवा खानापूरच्या भातवाल्या घराला एवढी रक्कम एकदम काढून ठेवा म्हणणं म्हणजे तुमचं मूल यात नको असं सांगणं. दुसरी वाट जर्मनांनी नाकारली. प्रबंध हा त्यांच्याकडे अखंड मानला जातो, त्याचे तुकडे पाडून वाटणी होत नाही. दोन मार्गदर्शक चालतात, दोन खाती चालत नाहीत. नियमावलीलाही एकाच मजकुराचे क्रेडिट दोनदा धरलेले चालत नाहीत. तिसरी वाट मला स्वतःला आवडली होती, कारण त्यात खर्च संस्थेचा आणि मूल घरी. पण नियमावली ऑनलाइन आणि दूरशिक्षणाला लागू नाही, फ्रँचायझीला, म्हणजे परदेशी संस्थेचं नाव घेऊन तिचा अभ्यासक्रम इथे चालवायला, तिचा साफ विरोध आहे, आणि परदेशी संस्थेचे क्रेडिट इथे बसून दिले तर ते फ्रँचायझीसारखे दिसतील का, यावर आमच्या कुलसचिवांना खात्री वाटेना. मुलांच्या पदवीवर पुढे प्रश्नचिन्ह लागेल असं काही करायचं नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

उत्तर वेळापत्रकात सापडलं. आपलं तिसरं सत्र ऑगस्टमध्ये सुरू होतं. त्यांचं हिवाळी सत्र कागदावर ऑक्टोबरला, वर्ग भरतात ते ऑक्टोबरच्या मध्याला. दोन महिन्यांचं हे अंतर आम्हाला आधी अडचण वाटत होतं. ते तसंच ठेवलं आणि सप्टेंबरमध्ये तिकडच्या प्रयोगशाळेत सहा क्रेडिटांचा सलग वर्ग ठेवला. ३० आणि सहा मिळून ३६, १२० चे नेमके ३० टक्के. मूल साधारण सात महिने तिकडे राहतं. ९९२ च्या दराने ६,९४४ युरो होतात. रक्कम अजूनही मोठीच आहे, पण वर्षभरापेक्षा कमी. त्यातल्या सप्टेंबरचा खर्च आमच्या संस्थेने उचलायचा असं करारातच लिहिलं. बाडेन-व्युर्टेंबेर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी आहे, पण भागीदार संस्थेतून येणाऱ्यांना ती लागू होऊ नये म्हणून कलम घालून घेतलं. यासाठी मी फार आग्रह धरला, आणि पुढेही धरेन.

सहा क्रेडिटांची जागा सापडली, पण त्यात शिकवायचं काय? इथे खरा वाद झाला.

जर्मन बाजूच्या समन्वयक प्राध्यापक बाईंना तिथे सिग्नल प्रोसेसिंगचा, म्हणजे उपकरणाने टिपलेल्या संकेतांवर गणिती प्रक्रिया करण्याचा, वरचा भाग हवा होता. माझं म्हणणं होतं की आमची मुलं दुसऱ्या सत्राच्या शेवटी तालुक्याच्या रुग्णालयांत काम करून येतील, तिथल्या नोंदी घेऊन येतील, आणि सप्टेंबरचा वर्ग त्या नोंदींवर चालावा. त्यांनी मला सौम्यपणे पण स्पष्ट सांगितलं की उपकरणांची दुरुस्ती हा पदव्युत्तर शिक्षणाचा विषय होऊ शकत नाही. त्यांच्या जागी बसून पाहिलं तर तेही बरोबर होतं. त्यांच्याकडे मशीन बिघडलं की कंपनीचा माणूस येतो आणि काम संपतं.

त्या बेळगावला आल्या तेव्हा मी त्यांना सीमेजवळच्या एका तालुक्याच्या रुग्णालयात नेलं. मे महिना होता. नवजात बाळांच्या खोलीत बाळाला ऊब देणारा वॉर्मर होता, पण बाळाच्या अंगाला लावायचा तापमानाचा प्रोब तुटलेला. सिस्टर साध्या थर्मामीटरने तापमान बघून बटण हाताने कमी-जास्त करत होत्या.

"किती दिवस झाले, सिस्टर?" मी विचारलं.

"गेल्या पावसाळ्यापासून असंच आहे, मॅडम. प्रोब मागवलाय म्हणतात. आम्ही काय, बाळाजवळनं हलत नाही झालं."

बाहेर भिंतीलगत अर्थिंगचा, म्हणजे गळणारी वीज जमिनीत उतरवणारा खड्डा होता. तिथले मामा त्यात घागर ओतत होते. बाईंना नवल वाटलं, म्हणून मी त्यांना विचारून दिलं.

"उन्हाळ्यात दररोज दोन घागरी ओततोय बघा. नाहीतर मशीनला हात लावला की चुरचुरतंय. जमीन सुकली की असंच होतंय की हो."

मामांनी सांगितलं ते शास्त्राला धरून आहे. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते, मातीचा विरोध वाढतो, आणि अर्थिंग निकामी व्हायला लागतं. वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या आयईसी ६०६०१ या मानकात, थेट हृदयाशी जोडल्या जाणाऱ्या भागातून पेशंटकडे जाणारा गळती प्रवाह, म्हणजे उपकरणातून नकळत झिरपणारी वीज, नेहमीच्या स्थितीत १० मायक्रोॲम्पिअरच्या आत हवा. पहिल्या वर्गाच्या, म्हणजे धातूचं आवरण अर्थिंगला जोडलेल्या, उपकरणांची सुरक्षितता बऱ्याच अंशी अर्थिंगवर उभी असते. ते वर्षभर सारखं राहील हे उपकरण बनवणारा गृहीत धरतो. आमच्याकडे ते ऋतूप्रमाणे बदलतं. पावसाळ्यात उलट त्रास: मायक्रोस्कोपच्या आणि एंडोस्कोपच्या भिंगांवर बुरशी, कनेक्टरांवर गंज. कणकुंबीकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

बाईंनी खड्ड्याजवळ बसून वहीत बराच वेळ लिहिलं. परतीच्या वाटेवर त्यांनीच युरोपच्या २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमावलीचा विषय काढला. ती मे २०२१ पासून लागू झाली. तिच्यानुसार उपकरण बाजारात गेल्यावर ते प्रत्यक्ष वापरात कसं वागतं याची माहिती उत्पादकाने सतत गोळा करायची असते. ही माहिती युरोपातल्या चकचकीत रुग्णालयांतून मिळते. दमट हवेतून, डळमळीत विजेतून, एकट्या सिस्टरच्या पाळीतून येणारी माहिती त्यांच्याकडे जवळपास नसतेच. आपल्याकडे मटेरिओव्हिजिलन्सचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून चालू आहे. उपकरणामुळे झालेला अपाय किंवा होता होता टळलेला अपाय तिथे कळवता येतो. पण तालुक्याच्या पातळीवरून कळवणारे हात कमी आहेत. त्याच वर्षी सरकारी आरोग्य केंद्रांतल्या उपकरणांची देखभाल सुधारण्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्यासाठीच्या पाहणीत २९,११५ केंद्रांतली ७,५६,७५० उपकरणं मोजली गेली, आणि राज्यागणिक १३ ते ३४ टक्के बंद सापडली. एवढ्या बंद उपकरणांमागे कारणंही तेवढीच आहेत. ती शोधणं, वर्गवारी लावणं, जोखीम मोजणं आणि त्यावरून नवा आराखडा मांडणं हा पदव्युत्तर अभ्यासाचा विषय नाही असं मग कुणी म्हटलं नाही.

सहा क्रेडिट असे ठरले: जून-जुलैत मुलं सीमाभागातल्या रुग्णालयांत. बिघाडाच्या नोंदी, गळती प्रवाहाच्या आणि अर्थिंगच्या मोजण्या, सिस्टर आणि टेक्निशियन उपकरण कसं हाताळतात याचं निरीक्षण. सप्टेंबरमध्ये तीच मुलं त्या नोंदी घेऊन जर्मन प्रयोगशाळेत, जोखीम व्यवस्थापनाच्या आयएसओ १४९७१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चौकटीत त्यांचं विश्लेषण करणार, आणि उपकरण बनवणाऱ्या इंजिनिअरांपुढे मांडणार. तिकडची मुलं बघत बसणार नाहीत. त्यांनाही आमच्याकडून ३० टक्के मिळवायचे आहेत. त्यांचं उन्हाळी सत्र एप्रिलला सुरू होतं, म्हणून आम्ही आमच्या दुसऱ्या सत्राचे दोन भाग केले. पहिल्या भागात आमच्या मुलांचा पाया. एप्रिलपासून दोन्हीकडची मुलं एकत्र, आणि पाऊस लागला की एकत्रच रुग्णालयात. आलेल्या प्रत्येक मुलाला थोडी कन्नड आणि थोडी मराठी शिकवायची, कारण सिस्टरशी बोलता आलं नाही तर नोंद काय घेणार?

माझ्या मनात एक गोष्ट पहिल्यापासून पक्की होती. मुलांना तिकडे पोचवणारी शिडी उभी करायची असेल तर त्याला संयुक्त पदवीची गरज नाही. एजंट ते काम करतातच. दोन्हीकडची मुलं दोन्हीकडे शिकली, दोन्हीकडच्या शिक्षकांनी एकमेकांचे विषय बदलले, तरच प्रमाणपत्रावर दोन बोधचिन्हं शेजारी शेजारी छापण्यात अर्थ आहे. आयोगाच्या नियमाने संयुक्त पदवीचं प्रमाणपत्र एकच असतं आणि त्याला पुन्हा समकक्षता दाखला लागत नाही. मुलांच्या दृष्टीने हे फार मोठं आहे.

गुणांचा प्रश्न मात्र बरेच दिवस रेंगाळला. जर्मनीत १.० सर्वांत चांगले आणि ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. आपल्याकडे दहापैकी. तिकडे यासाठी बव्हेरियन सूत्र वापरतात: सर्वोच्च गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागायचं, तिनाने गुणायचं आणि एक मिळवायचा. आपल्याकडे उत्तीर्ण चार धरलं तर आठ सीजीपीए, म्हणजे सरासरी आठ गुण, असलेल्याला २.० मिळतात, सातवाल्याला २.५. गणित सोपं. माझी काळजी वेगळी होती. आपल्याकडे बॅक राहिली की पुढच्या वेळी पेपर देता येतो. तिकडे ठरावीक प्रयत्नांत विषय सुटला नाही तर विद्यार्थी त्या अभ्यासक्रमातून कायमचा बाहेर. गावाकडचं मूल, पहिल्यांदा घराबाहेर, तेही बर्फात, आणि पहिल्या दोन महिन्यांत बिचकलं तर? म्हणून बाहेर पडायचा रस्ता आम्ही सविस्तर लिहिला. तिकडे अडकलेल्या मुलाने मिळवलेले सगळे क्रेडिट इथे धरले जातील आणि त्याला आमच्या संस्थेची स्वतंत्र पदवी पूर्ण करता येईल. नियमावलीतही असा मार्ग ठेवणं सक्तीचं आहे, पण एका ओळीत उरकता आलं असतं. आम्ही तो विषयवार तक्त्यासकट लिहिला, कारण पालकांच्या भेटीत पहिला प्रश्न हाच असतो.

पेशंटच्या माहितीबाबत थोडक्यात सांगते. रुग्णालयातल्या नोंदी देशाबाहेर न्यायच्या तर इथल्या नैतिकता समितीची मान्यता लागते, परदेशी सहकार्याच्या आरोग्य संशोधनासाठी आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही, आणि तिकडे युरोपचा २०१८ पासूनचा माहिती संरक्षण कायदा. आम्ही ठरवलं की सप्टेंबरच्या वर्गाला उपकरणाच्या नोंदी जातील, पेशंटच्या जाणार नाहीत. मॉनिटरचा बिघाड जाईल, मॉनिटरवर कोण होतं ते जाणार नाही. प्रबंधात माणसांची माहिती लागलीच तर संमतीपत्रं कन्नड आणि मराठी दोन्हींत.

राज्याची सीमा आड आली ती दोन ठिकाणी. व्हिसाचं बघा. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुली, एक खानापूरची, एक चंदगडची. पहिलीचा अर्ज बेंगळुरूच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत, दुसरीचा मुंबईच्या. एक राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने दक्षिणेला जाणार, दुसरी पुणे-मुंबईकडे. कागदांची यादी सारखीच, पण तारखा वेगळ्या मिळतात. मुलं एकदमच पोचायला हवीत म्हणून आम्हाला अर्ज भरायची तारीख बरीच अलीकडे आणावी लागली. गंमत अशी की राज्यांचेही जोड वेगळे आहेत: कर्नाटकाची जर्मनीतली भागीदारी बव्हेरियाशी, महाराष्ट्राची बाडेन-व्युर्टेंबेर्गशी. महाराष्ट्राने तर कुशल मनुष्यबळासाठी त्या राज्याशी २०२४ मध्ये करारही केला. म्हणजे कर्नाटकातली आमची संस्था महाराष्ट्राच्या भागीदार राज्यात जाऊन बसली. त्याने काही बिघडलं नाही, दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी कौतुकच केलं.

दुसरं जास्त दुखणारं आहे. चंदगडच्या बाजूचं एक रुग्णालय मला या यादीत पहिल्यापासून हवं होतं. अंतर थोडं, पेशंट तेच, अडचणी त्याच. पण आमची संस्था कर्नाटकातली, रुग्णालय महाराष्ट्राचं, आणि विद्यार्थ्यांना तिथे काम करू देण्याचा अधिकार तिसऱ्याच टेबलावर. हजारो किलोमीटरवरच्या विद्यापीठाशी करार झाला, त्यांच्या मुलांच्या राहण्याजेवणाची सोय झाली, आणि बसने सहज जाता येईल अशा दवाखान्याची परवानगी फायलीतच. बेल्जियममधलं फ्लेमिश सरकार आणि नेदरलँड्स यांनी २००१ साली करार करून हासेल्ट आणि मास्ट्रिख्ट यांचं मिळून लिंबुर्गचं एक सीमापार विद्यापीठ उभं केलं. दोन देश, दोन कायदे, तरीही. सीमावादातल्या ८६५ गावांचा प्रश्न न्यायालयात आहे, तो तिथे सुटेल तेव्हा सुटेल. तोवर बाळाच्या वॉर्मरचा प्रोब दोन्ही बाजूंना सारखाच तुटतो, आणि तो दुरुस्त करायला शिकणाऱ्या मुलाला दोन्ही बाजूंना जाता आलं पाहिजे. हे मी प्रत्येक बैठकीत म्हणते, कुणाला रुचो न रुचो.

अभ्यासक्रम दोन्हीकडच्या परिषदांतून मंजूर झाला आहे. पहिली तुकडी मुद्दाम लहान ठेवली आहे. प्रवेशाला बी.ई. किंवा बी.टेक. चालतं: बायोमेडिकल, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल. बारावीला जीवशास्त्र नसलेल्या मुलांसाठी पहिल्या सत्राआधी शरीरशास्त्राचा वर्ग आहे. बँकांकडून अजून एक उत्तर यायचं आहे: हे कर्ज देशातल्या शिक्षणाचं धरायचं की परदेशातल्या, कारण त्यावर कर्जाच्या अटी ठरतात. आम्ही नोंदणी भारतीय संस्थेत आहे असं लेखी दिलं आहे. पालकांनी कर्जाला जाताना त्या पत्राची प्रत विभागातून मागून घ्यावी. जूनमध्ये जाणारे रुग्णालयातले गट ठरले आहेत. चंदगडकडची परवानगी तोवर आली तर एक गट तिकडे जाईल, नाही आली तर त्याच गटासाठी खानापूर तालुक्यात जागा धरून ठेवली आहे, आणि अर्ज पुढच्या वर्षासाठी चालू राहील.